कोयता घरी असताना

सकाळी ६

श्रावण सरत आला की बीड जिल्ह्यात मुगाची तोडणी आणि उचलीची बोलणी एकदमच सुरू होतात. मुकादम गावात येतो, कुणाच्या तरी ओसरीवर बसतो आणि येत्या हंगामाचे पैसे आगाऊ देऊन जोडपी बांधून घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसऱ्यानंतर ट्रक-ट्रॅक्टर भरून हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडला की, पाडव्याच्या आगेमागे, कधी त्याहून उशिरा परततात.

मी एका धर्मादाय न्यासात कार्यक्रम अधिकारी आहे. न्यास पुण्याचा, माझा मुक्काम केजला. ऊसतोड बायकांचं आरोग्य, त्यांच्या मजुरीचा हिशेब, मागे गावात राहिलेली लेकरं या कामांसाठी छोट्या गटांना अनुदान देणारा एक निधी मी सांभाळते. आज निवड समितीची बैठक आहे. पोळा तोंडावर आलाय, बाजारात झुली आणि घुंगरमाळा आल्यात, आणि समितीतल्या सगळ्या बायका गावात आहेत. आजची तारीख धरली ती एवढ्याचसाठी.

अनुदानाच्या जगाचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. डिसेंबर-जानेवारीत अर्ज मागवायचे, फेब्रुवारीत गावभेटी करायच्या, मार्चअखेर पैसे मंजूर करून मोकळं व्हायचं. नेमक्या त्याच महिन्यांत या बायका कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडात पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधत असतात. ज्यांच्या नावाने पैसा खर्च होणार त्या गावात नसताना त्यांचं काय करायचं ते ठरतं, आणि पुढे अहवालात ‘लोकसहभाग कमी पडला’ अशी ओळ येते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. कॅलेंडर लेखापालाच्या सोयीचं असतं एवढंच. पण माझ्या मते अनुदानातली विषमता या कॅलेंडरापासून सुरू होते, म्हणून आमच्या निधीत सगळ्यात आधी तारखा बदलल्या. आषाढात अर्ज, श्रावण संपताना निवड, आणि पहिला हप्ता घटस्थापनेच्या आत.

सव्वासात

धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरकडेला एक गाव आहे. समितीच्या तिथल्या सदस्य मूग तोडायला निघायच्या आत मला त्यांना गाठायचं होतं. ओट्यावर बसून त्या लेकाच्या मोबाइलवर अर्ज ऐकत होत्या.

अर्ज आम्ही आवाजात घेतो. गटाने तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या बोलीत रेकॉर्ड करून पाठवायची. काय करायचंय? हे कुणी मिळून ठरवलं? आणि मध्येच जमेनासं झालं तर काय कराल? बँकेचं आणि नोंदणीचं तेवढं कागदावर लागतं. ही रीत येण्याआधी अर्ज इंग्रजीत यायचे, तेही बहुतेक एकाच धाटणीचे, कारण ते लिहून देणारी माणसं जिल्ह्यात मोजकीच. ज्या गटाकडे असा लिहिणारा होता त्याला पैसे मिळत. गावात काम कोण करतं याच्याशी त्याचा फारसा संबंध उरत नसे.

“ताई, तांड्यावरच्या बायांचा अर्ज मी दोनदा ऐकला,” त्या म्हणाल्या. “वह्यांना पैसे धरलेत त्यांनी. वही लिहिणाऱ्या पोरीला न्हाईत धरले. आमी सगळ्या असंच करतोत. वस्तूला पैसे मागायला लाज वाटत न्हाई, माणसाला मागायला वाटती.”

मी हे वहीत उतरवून घेतलं आणि बैठकीत हे तुम्हीच बोला म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं माझ्या तोंडून गेलं तर ते न्यासाचं म्हणणं ठरतं.

समितीत बसणाऱ्या प्रत्येकीला दिवसाचा भत्ता आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. सुरुवातीला एका विश्वस्तांनी काळजीने विचारलं होतं की पैसे दिल्याने सेवाभाव उणावणार तर नाही? प्रश्न प्रामाणिक होता. पण न्यास बाहेरच्या सल्लागाराला मानधन देतो, आणि तो सल्लागार जे सांगतो ते या बायकांनी जगून पाहिलेलं असतं. आज त्या मुगाची मजुरी बुडवून येणार आहेत. भत्त्याची रक्कम समितीनेच ठरवली आणि ती शेतमजुरीपेक्षा थोडी जास्त ठेवली. माझ्या मते ते रास्त आहे.

साडेनऊ

केजला परत. बैठकीआधीचे दोन तास कागदांचे.

आमच्या निधीत काही पैसा न्यासाच्या स्वतःच्या ठेवीवरचा आहे आणि काही एका कंपनीच्या सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. हे २०१४ पासून लागू आहे. १ एप्रिल २०२१ पासून असं काम करणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ भरून नोंदणी करावी लागते. त्यासाठी संस्था रीतसर नोंदलेली हवी, आयकराचं १२ए आणि ८०जी हवं.

तांड्यावरच्या बायकांच्या गटाकडे यातलं एकही नाही. त्यांच्याकडे बँकेचं एक खातं, बचतीचं एक रजिस्टर आणि एकमेकींची खात्री आहे. कायदा पैशाचा गैरवापर होऊ नये म्हणून केलेला आहे आणि तो हेतू मला मान्य आहे. पण त्याची चाळणी अशी की सगळ्यात गरीब वस्तीतला गट तिच्यात वरच अडकतो. म्हणून आम्ही तालुक्यातली एक नोंदणीकृत संस्था यजमान धरली. पैसा तिच्या खात्यात येतो, लेखापरीक्षण तिचं होतं, काम काय करायचं ते मात्र गट ठरवतो. करारात हे चार ओळींत स्पष्ट लिहिलेलं आहे. ते लिहिलेलं नसलं की यजमान हळूहळू मालक होतो, हे मी इतर ठिकाणी पाहिलेलं आहे.

परदेशी पैसा या निधीत घेतच नाही. विदेशी अंशदान कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि असा पैसा एका संस्थेने दुसरीला पुढे देणं बंद झालं. त्याआधी शहरातली मोठी संस्था परदेशातून निधी आणून खेड्यातल्या दहा-वीस छोट्यांपर्यंत पोचवायची. ती वाट बुजली, आणि त्याचा फटका ज्यांचं नाव शहरात कुणाला ठाऊक नाही त्यांना जास्त बसला.

साडेदहाला कंपनीच्या अधिकाऱ्यांचा फोन. तरुण आहेत, मनापासून काम करतात. त्यांना वाटत होतं की गटांना प्रशासकीय खर्चापोटी ५ टक्क्यांवर देता येत नाही, कायद्यातच तसं आहे. हा समज इतका पसरलाय की मी संबंधित परिपत्रक फोनजवळच ठेवते. केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ ला खुलासा केलेला आहे. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे, गावात काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. भाडं, लेखापालाचा पगार, प्रवास, मोबाइलचं रिचार्ज, माणसाला शिकवण्याचा खर्च यांना हात आखडता घेतला की संस्था कधीच उभी राहत नाही. दरवर्षी नव्या प्रकल्पाच्या जिवावर जगते आणि प्रकल्प संपला की कार्यकर्ती घरी बसते. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या चांगल्या चाललेल्या संस्थांचे हिशेब तपासले तेव्हा असा अप्रत्यक्ष खर्च कुठे ५ टक्के तर कुठे ५१ टक्के निघाला. काम वेगळं, डोंगर वेगळा, अंतर वेगळं, मग सगळ्यांना एकच टक्का लावायचा कशाच्या आधारावर?

“मॅडम, परिपत्रक पाठवा, मी वर बोलतो,” ते म्हणाले. पाठवलं.

त्यांनी आणखी एक विचारलं. प्रभावाचं मूल्यमापन? तेही नियमात पाहू म्हटलं. ज्या कंपनीचं दायित्व सरासरी १० कोटी वा अधिक आहे तिला, आणि तिच्या १ कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांनाच ते सक्तीचं आहे. दीड-दोन लाखांच्या कामाला तेवढंच मोठं मूल्यमापन लावलं तर बायका कामाऐवजी तक्ते भरत बसतील.

दुपारी १२

बैठक केजमधल्या एका महिला मंडळाच्या खोलीत. आधी जेवण, कारण काही जणी पहाटेच घरून निघालेल्या असतात. भाकरी, मटकीची उसळ, ठेचा. मग सतरंजीवर गोल.

समितीत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका निम्म्याहून जास्त आहेत. त्यात एक एकल बाई आहेत. त्यांना मुकादमाच्या वहीत ‘अर्धा कोयता’ म्हणतात आणि उचलही निम्मी मिळते. एक आशाताई, निवृत्त शिक्षक एक, न्यासाचा प्रतिनिधी एक. गावठाणातल्या, वस्तीवरच्या, तांड्यावरच्या आणि पारधी पालांवरच्या बायका समितीत असतील हे नियमात लिहिलेलं आहे, कारण नुसतं ‘गावाला विचारलं’ म्हटलं की विचारलं जातं ते पाराजवळच्या घरांना. मुकादम समितीत नसतो. ज्यांच्या गटाचा किंवा नात्यातल्या कुणाचा अर्जाशी संबंध आहे त्यांनी तेवढा वेळ बाहेर बसायचं. आज एका सदस्यांनी आपणहून सांगितलं, “माझा दीर मुकादमी करतो, वहीच्या अर्जाला मी बसत न्हाई.” मी इतिवृत्त लिहिते. मला मत नाही.

बसण्याची ही रीत आम्ही गडचिरोलीकडून घेतली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांबरोबर त्या गावाची गोष्ट महाराष्ट्रभर पोचली. पण मला तिथलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं अभ्यास मंडळ. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. त्याआधी विषय उलगडून पाहण्यासाठी मंडळ वेगळं बसतं, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतं, पण जाणकार निर्णयात नसतो. शिकणं आणि ठरवणं अशा दोन बैठका केल्यामुळे माहिती असलेल्या माणसाचं वजन निर्णयावर पडत नाही. आमच्याकडे समितीची अभ्यासाची बैठक आषाढात झाली. त्यात एका वकील बाईंनी मजुरीचा करार समजावला आणि एका डॉक्टरांनी गर्भाशयाच्या आजारांबद्दल सांगितलं. आज ते दोघेही इथे नाहीत.

पहिला अर्ज जिल्ह्यातल्या एका मोठ्या संस्थेचा. वीस गावांत आरोग्य शिबिरं, रक्ततपासणी, गोळ्या, तज्ज्ञ डॉक्टर. संस्थेचं काम जुनं आहे, आणि आशाताईंनी त्यांची बाजू चांगली मांडली: डॉक्टर खरे येतात, नुसता फोटो काढून जात नाहीत. मग अर्धा कोयतावाल्या ताईंनी तारखा विचारल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

“नोव्हेंबरात गावात कोण हाय? म्हातारी माणसं आन् लेकरं. आमचं दुखणं तर फडात.”

इथे चर्चा लांबली, आणि लांबायलाच हवी होती. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण फार असल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं गुंतलेली आहेत. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. फडावर पाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. अंगावरून पांढरं जायला लागलं की ‘पुढं कॅन्सर होईल’ अशी भीती घालणारं कुणीतरी भेटतं. आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल. समितीतल्या दोघींनी हे स्वतः सोसलंय. त्या आकडे सांगत नाहीत. शिबिर नेमकं कुठे, कधी, आणि त्यात बाई डॉक्टर असेल का, एवढंच विचारतात.

ठरलं ते असं. अर्ज नाकारायचा नाही. संस्थेला विचारायचं की तपासणी दसऱ्याच्या आत आणि पाडव्यानंतर करता का, आणि मधल्या काळात फडावर असताना फोन करायला एखादी नर्स देता का? तयारी असेल तर पैसे, नाहीतर पुढच्या साली. निवृत्त गुरुजींना वाटत होतं की एवढ्या मोठ्या संस्थेला अटी कशा घालायच्या. पालावरच्या ताई म्हणाल्या, “अट कुठं? येळ सांगितली.”

दुसरा अर्ज आष्टी तालुक्यातल्या तरुणांचा, संगणक वर्गाचा. फार वेळ लागला नाही. ज्या मुलींसाठी वर्ग, त्यांनाच त्यांनी विचारलेलं नव्हतं. नकार.

तिसरा तांड्यावरच्या बायकांचा, वहीचा. प्रत्येक टोळीत बायकांची स्वतःची एक वही असावी. आज किती खेपा, किती टन, किती खाडे, उचल किती आणि ती कुणाच्या हातात दिली. आज हे सगळं मुकादमाच्या वहीत असतं आणि नवऱ्याच्या नावावर. जानेवारी २०२४ मध्ये लवादाने तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवला, पण त्यातलं आपल्या वाट्याला किती आलं हे बाईला सांगता येत नाही, कारण तिचा हिशेब कुठे लिहिलेलाच नाही. गटाने नव्वद हजार मागितले होते.

धारूरकडच्या ताईंनी सकाळचा मुद्दा मांडला. मग एकेक गोष्ट जोडली गेली. वही लिहिणारी मुलगी प्रत्येक टोळीत हवी, तिला महिन्याचे पैसे हवेत. पाडव्याला परत आल्यावर हिशेबावरून भांडण झालं तर? विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. पण बीडला जायचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? तेही धरा. रक्कम एक लाख साठ हजारांवर गेली. अर्जदाराने मागितलं त्याहून जास्त देणारी समिती मी इतरत्र पाहिली नव्हती. गरीब गट कमी मागतो, कारण जास्त मागितलं तर सगळंच जाईल अशी त्याला भीती असते. ही भीती माहीत असलेली माणसं समितीत असली तरच ती ओळखू येते.

मग अर्धा कोयतावाल्या ताईंनी दिवसातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. “वही काढली म्हणून मुकादमानं पुढच्या साली उचलच न्हाई दिली तर? मंग त्या बाया काय खातील?”

याला कुणाकडे तयार उत्तर नव्हतं. मी गप्प राहिले. त्यांनी तासभर घोळवलं. शेवटी ज्या टोळीतल्या सगळ्या बायका तयार असतील तिथेच वही सुरू करायची असं ठरलं. ऊसतोड कामगार म्हणून मिळणारं ओळखपत्र बाईच्या स्वतःच्या नावाने काढून घेण्याचं काम ग्रामसेवकाकडे आधी करायचं, म्हणजे ती कामगार आहे याला वहीखेरीजही पुरावा राहील. आणि करारात एक ओळ घालायची: धोका वाटला तर गटाने काम कधीही थांबवावं, झालेला खर्च परत मागितला जाणार नाही.

ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. अनुदान देणारा नेहमी आपल्या पैशाच्या जोखमीबद्दल बोलतो. पैसा बुडाला तर न्यासाच्या ताळेबंदात एक ओळ लाल होते. वही काढणाऱ्या बाईची जोखीम घरच्या चुलीची असते. दोन्ही जोखमी एका पारड्यात घालून करार करणारे कागद मी अनेक वाचले आहेत, आणि त्यांत थांबण्याचा हक्क फक्त देणाऱ्याला असतो.

उठता उठता पालावरच्या ताईंनी आणखी एक मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, अर्जाची खबर बचत गटांच्या व्हॉट्सअॅपवर फिरते आणि पालांवर बचत गटच नाहीत. समितीने दोन अर्जांएवढी रक्कम राखून ठेवली आणि दसऱ्याच्या आत पालांवर जाऊन, तिथेच बसून अर्ज रेकॉर्ड करायचं ठरवलं. कोण जाणार तेही ठरलं. त्या स्वतः आणि आशाताई.

साडेचार

आष्टीच्या तरुणांना फोन. नकार त्याच दिवशी, तोंडाने आणि कारणासकट कळवायचा हा नियम आहे. अर्ज करणाऱ्याने रात्री जागून विचार केलेला असतो. त्याला तीन महिन्यांनी दोन ओळींचा इंग्रजी मेल पाठवणं हा त्याचा अपमान आहे असं मी मानते. समितीने विचारलेले प्रश्न फोनवरच्या तरुणाला वाचून दाखवले. तो थोडा नाराज झाला, मग म्हणाला की मुलींना विचारून पुढच्या आषाढात येतो. समितीतल्या कुणाशी बोलता येईल का, असंही विचारलं. धारूरच्या ताईंनी परवानगी दिलेली होती, नंबर दिला.

संध्याकाळी साडेसात

तांड्यावर, सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे. भाकऱ्या झाल्यावर बायका जमल्या, पुरुषही कडेने बसले.

आज गेल्या वर्षीच्या अनुदानाचं वाचन. गावात सप्ताह होतो तेव्हा काल्याच्या दिवशी वर्गणीचा हिशेब माइकवर वाचतात, कुणी किती दिले, मंडपाला किती, आचाऱ्याला किती, शिल्लक किती. चुकलं तर तिथल्या तिथे कुणीतरी उठून सांगतो. आमचं वाचन त्याच धर्तीवर आहे. अनुदानाचे अहवाल वर जातात, ते खालीही यायला हवेत.

गटातल्या मुलीने वाचलं. पैसे किती आले, कशावर गेले. सुरुवातीला ठरलं होतं की भिंतींवर आरोग्याचे संदेश रंगवायचे. दोन महिन्यांत बायकांनी सांगितलं की संदेश आम्हाला पाठ आहेत, दवाखान्यात सोबत कुणी येत नाही ही अडचण आहे. गटाने बेत बदलला. पिशवी काढायला सांगितलेल्या बाईला घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जायचं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, दिवसभर रांगेत बरोबर थांबायचं. बेत बदलायला आमची परवानगी लागत नाही, नुसतं कळवायचं असतं. काही जणींना औषधानेच बरं वाटलं, काहींना शस्त्रक्रिया खरंच लागली. दोन्ही गोष्टी तिने सारख्याच आवाजात वाचल्या. मला या कामातून जे शिकायचं होतं ते या वाचनात आलं: मत देणारा डॉक्टर जवळपास होताच, बाईला तिथवर नेणारी सोबत नव्हती.

मग प्रश्न. रिक्षाचं भाडं एवढं कसं? रात्रीची होती. रांगेत थांबायला गेलेल्या बाईला मजुरी दिली का? दिली.

कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, “बाई, हे वाटायला तुमच्या ट्रस्टला सोताला किती खर्च येतो?”

हा हिशेबही वाचायचा, असं विश्वस्त मंडळाने मान्य केलेलं आहे. मी आकडा सांगितला: कार्यालय, पगार, माझी गाडी, पुण्याच्या बैठका, शंभर रुपयांमागे किती.

गटाच्या अध्यक्ष बाईंनी मनाशी हिशेब मांडला. “तेवढं तुमाला लागतंय, बरोबर हाय, लागणारच. मंग आमच्या गटाला कामून शंभरात पाचच?”

कुणी हसलं नाही. त्या खरंच विचारत होत्या. सकाळी मी कंपनीला परिपत्रकातला आकडा दाखवत होते. बाईंनी त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट काढली होती. देणाऱ्याने स्वतःसाठी जो वाटा योग्य मानला, तोच घेणाऱ्यालाही योग्य का नाही? मी म्हटलं, याचं उत्तर एकटीने द्यायचा मला अधिकार नाही. हा प्रश्न विश्वस्तांपुढे तुम्ही स्वतः मांडाल का? त्यांनी शेजारच्या बाईकडे पाहिलं. “दोघी येऊ,” म्हणाल्या. “एकटीला शहरात कोण ऐकतंय.”

रात्री १०

केजच्या खोलीवर. इतिवृत्त मराठीत लिहून समितीच्या गटावर आवाजातही टाकलं, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांना चूक असेल तर उद्या सांगता येईल. लेखा विभागाला मेल: वहीच्या गटाचा पहिला हप्ता एकदम साठ टक्के हवा आणि तो घटस्थापनेआधी यजमान संस्थेच्या खात्यात हवा, कारण दसऱ्यानंतर वही लिहिणाऱ्या मुली फडावर असतील आणि सही करायला कुणी नसेल.

दुसरा मेल विश्वस्त मंडळाच्या सचिवांना. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा: न्यास स्वतःच्या प्रशासनावर शंभरात जितका खर्च करतो, किमान तितकाच वाटा प्रत्येक गटाला विनाअट मिळावा. मांडणी तांड्यावरच्या गटाच्या दोन सदस्य करतील, वेळ अर्धा तास, भाषा मराठी. त्यांचा प्रवास, मुक्काम आणि दोन दिवसांची मजुरी न्यासाने द्यावी. सभा दसऱ्यानंतर ठेवली असेल तर कृपया अलीकडे घ्यावी.

तांड्यावरचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आणि मेल पाठवला.